सामानापाशी कोणीतरी हवं

आमच्या घरात सहल ठरली की कुठे उतरायचं, काय बघायचं, यावर वाद व्हायचे. सामानापाशी कोण बसणार, यावर मात्र कधीच झाला नाही. सासूबाई बसायच्या. विचारायचीसुद्धा गरज नसे.

दिल्लीतली आम्ही मराठी माणसं सहलीला निघतो ती अर्धं स्वयंपाकघर बरोबर घेऊन. दशम्या, लसणाची चटणी, चिवडा, पाण्याचा कॅन, सतरंजी. बाहेरचं खायचं नाही, कारण ते महाग, आणि वर पोट बिघडतं. त्यात दिल्लीत राहून आणखी एक खोड लागते. सामानावरची नजर काढायची नाही. इथल्या कुठल्याही स्टेशनवर दिवसभर तेच बजावत असतात, आपलं सामान सांभाळा, बेवारस वस्तूला हात लावू नका. ऐकून ऐकून माणसाला वाटायला लागतं की जगात सगळीकडे आपल्या चिवड्यावर कोणीतरी टपून बसलंय. या दोन्ही सवयी एकत्र आल्या की प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी घरातलं एक माणूस बसवावं लागतं.

सासूबाई साताऱ्याच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या थेट सरकारी क्वार्टरमध्ये. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि हिंडायचे शौकीन. महाराष्ट्र मंडळाची एकही सहल त्यांनी सोडली नाही. सासूबाई बरोबर असायच्याच. तुघलकाबादला त्या दरवाजाशी बसल्या. ग्वाल्हेरला खालच्या रस्त्यावर, झाडाखाली. चितोडला एका देवळाच्या ओट्यावर. लहानाच्या मोठ्या साताऱ्यात झाल्या, तर अजिंक्यतारासुद्धा त्यांनी रोज खिडकीतूनच पाहिला, कारण घरातल्या पुरुषांबरोबर मुलींनी गडावर जायची पद्धत नव्हती. "मी पुरतं पाहिलं ते एक पानिपत," त्या हसत सांगायच्या. "तिथे चढायला काही नाही ना."

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे आमची एक रीत. वरून उतरणारा प्रत्येक जण सामानापाशी बसलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगतो. "काही नाही हो वर. नुसते दगड. तुम्ही बसलात तेच बरं केलंत." हे प्रेमानेच सांगतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. चेहरे उन्हाने लाल झालेले, केस वाऱ्याने उभे राहिलेले, पोरं वरची गंमत सांगायला उतावीळ झालेली, आणि मोठी माणसं त्यांना डोळ्यांनी दटावत म्हणणार, काही नाही वर. सासरे त्यात "दुरून डोंगर साजरे" हे जोडून द्यायचे. सासूबाई मान हलवायच्या आणि दशम्यांचा डबा उघडायच्या.

मी या घरात आले तेव्हा हे सगळं रुळलेलं होतं. माझा स्वभाव तापट. नाकावर राग, असं माझी आईच म्हणते. ऑफिसात फाइल अडवणाऱ्या साहेबाशीसुद्धा मी वाद घालते, पण या एका गोष्टीत माझीही जीभ कधी वळवळली नाही. सासूबाई इतक्या सहज बसायच्या की त्यांना ते आवडतं असंच वाटायचं.

सासरे गेल्यावर काही वर्षं आम्ही कुठेच गेलो नाही. मग एका वर्षी नवऱ्याला कोलंबोची स्वस्त विमान तिकिटं मिळाली. परदेश म्हणजे आमच्यासारख्यांना लॉटरीच. सरकारी प्रवास सवलत देशाबाहेर चालत नाही, त्यामुळे सगळं आपल्या खिशातून. साधी गेस्टहाउसं, एस.टी.सारख्या लाल बस, बरोबर भाताचा छोटा कुकर, असा बेत झाला. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने लॅपटॉपवर फोटो दाखवले. त्यात सिगिरिया होतं. सपाट जंगलाच्या मधोमध एकटाच उभा कातळ, आणि त्याच्या डोक्यावर दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा वाडा. नवरा पुढचा फोटो काढणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा. मागे जा." आणि चष्मा नीट करून बराच वेळ बघत राहिल्या. "इथे वर जाता येतं?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "हो, जिने आहेत. पण आई, खाली बाग छान आहे. तुला बसायला मस्त आहे." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि भांडी उचलायला लागल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते. मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनवर उतरले, तर समोरच्या जिन्यावर सासूबाई. पायात नवे कॅनव्हासचे बूट, साडी थोडी वर खोचलेली. त्या कठड्याला धरून चढत होत्या. वर पोचल्या, क्षणभर थांबल्या, आणि सरकत्या जिन्याने खाली येऊन पुन्हा चढायला लागल्या. मी खांबाआड उभी राहून बघत राहिले. त्या पुन्हा खाली आल्या तेव्हा पुढे झाले. "भाजी घ्यायला आले होते," त्या म्हणाल्या. हातात पिशवी नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. बूट बुधवारच्या बाजारातले होते, आणि मागे सोसायटीचा चौकीदार मला सांगत होता की माताजी आजकल सुबह बहुत चक्कर लगाती हैं, तेही आत्ता लक्षात आलं. मी त्यांच्याबरोबर भाजी घेऊन घरी आले. पण त्या दिवशी मला पक्कं कळलं की या बाईला त्या कातळावर चढायचंय, आणि मरेपर्यंत ती ते तोंडाने म्हणणार नाही.

सिगिरियाच्या दिवशी आम्ही दंबुलाच्या गेस्टहाउसमधून सकाळीच निघालो. दुपारनंतर कँडीची बस धरायची होती. गेस्टहाउसची मालकीण मोठी गोड बाई. सामान इथेच ठेवा, येताना घेऊन जा, असं ती हातवारे करून सांगत होती. परत त्याच गावावरून यायचं होतं, म्हणजे ते किती सोयीचं. पण नवऱ्यातला दिल्लीकर जागा झाला. "नको नको, थँक्यू," म्हणत त्याने दोन्ही सॅक पाठीपोटाला लावल्या आणि खाण्याची मोठी रेक्झिनची बॅग माझ्या हातात दिली. मालकीण दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. आपण हिला चोर ठरवून निघालो, हे मला बसमध्ये बसल्यावर उमगलं आणि फार लाज वाटली.

बसच्या खिडकीतून तो कातळ पहिल्यांदा दिसला तेव्हा माझा विश्वास बसेना. सगळीकडे सपाट हिरवं रान आणि मधूनच एक तांबडा दगड सरळ वर. फोटोत त्याची उंची कळत नाही. सासूबाईंनी खिडकीचा गज धरला आणि तो पुन्हा दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहिल्या.

तिकिटाच्या खिडकीशी त्या म्हणाल्या, "माझं काढू नका रे. मी बसते सामानापाशी." आम्हा शेजारी देशांतल्या लोकांना पासपोर्ट दाखवला की तिकिटात सवलत होती, पण तरी आमच्या मानाने महागच. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी तीन तिकिटं मागितली.

आत शिरल्यावर एक सरळ वाट त्या कातळापर्यंत जाते. दोन्ही बाजूंना जुने हौद, विटांचे काठ, पाण्याचे पाट. इतक्या शतकांपूर्वी कोणी इतक्या बिनचूक रेघा मारल्या असतील, याचंच मला नवल वाटत होतं. कुठे कागदाचा बोळा नाही, भिंतीवर कोणी बाण काढून प्रेम जाहीर केलेलं नाही. पांढऱ्या गणवेशातल्या शाळेच्या मुली रांगेने हळू बोलत चालल्या होत्या. तुघलकाबाद आठवून मला हेवाच वाटला.

जिना जिथे सुरू होतो तिथे एक मोठं झाड होतं. सासूबाईंनी माझ्या हातातली बॅग घेऊन त्याच्याखाली ठेवली, पदराने दगड पुसला आणि बसल्या. "या तुम्ही जाऊन," त्या म्हणाल्या. "माकडं फार आहेत इथे. खाण्याची बॅग वर न्यायची नाही. कोणीतरी हवंच." माकडं खरंच होती. एक तर आमच्या कुकरकडे आशेने बघत होतं.

माझं डोकं फिरलं. "आई, उठा," मी म्हटलं.

"अगं, असू दे. मला सवय आहे."

"सवय आहे म्हणूनच उठा. मेट्रोचे जिने काय भाजीसाठी चढत होता?"

त्या लाजल्या. नवऱ्याला कुठले जिने ते कळेना, त्याने "काय झालं, काय झालं" सुरू केलं. मी त्याच्या पाठीपोटावरच्या दोन्ही सॅक ओढून काढल्या, सासूबाईंचा हात धरून त्यांना उठवलं आणि स्वतः त्या दगडावर बसले. "आज मी बसते. तू आईला घेऊन जा. मी ऐकणार नाही." माझा आवाज एवढा चढला की शाळेच्या मुली वळून बघायला लागल्या. तिथे गांधीलमाश्यांची पोळी आहेत, शांतता पाळा, अशी पाटी होती, ती मला नंतर दिसली.

सासूबाई उभ्याच होत्या. त्यांनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा वर. मग साडी खोचली. "चलो," त्या मुलाला म्हणाल्या आणि त्याच्या आधी पहिली पायरी चढल्या.

मी बसले. बसल्यावर कळलं की हे काम वाटतं तसं सोपं नाही. उठता येत नाही, झोपता येत नाही. येणारेजाणारे बघतात, ही का बसलीय, हिला काय झालंय. माकडावर डोळे वटारायचे, सॅकचे पट्टे पायात अडकवायचे, आणि मान दुखेपर्यंत वर बघायचं. कातळाच्या अंगाला चिकटलेल्या लोखंडी जिन्यावरून रंगीत ठिपके सरकत होते. त्यातला आपला ठिपका कुठला ते कळत नाही. सगळी मजा वर चाललीय आणि आपल्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. मला सारखे सासूबाईंचे जुने दगड आठवायला लागले. ग्वाल्हेरचा, चितोडचा. मोबाइल नव्हते तेव्हा. पुस्तकही नेत नसत. काय करत बसत असतील?

बराच वेळ गेला. आणि नवरा एकटाच उतरताना दिसला. तोंड पांढरंफटक.

"आई कुठे?"

तो दगडावर बसला, पाणी प्यायला, मग बोलला. अर्ध्यावर एक गच्ची आहे. तिथे दगडात कोरलेले सिंहाचे दोन अवाढव्य पंजे आहेत, आणि त्या पंजांच्या मधून शेवटचा जिना कातळाच्या अंगावर चढतो. खाली पाहिलं की नुसती पोकळी. तिथे याला भोवळ आली. साताऱ्याचं रक्त म्हणून मंडळात मिरवणारा माझा नवरा सिंहाच्या पंजाला टेकून डोळे मिटून बसला. "आईने मला पाणी पाजलं," तो म्हणाला. "म्हणाली, तुला जमत नाही तर खाली जा. ती एकटी बसलीय सामानापाशी, तिला कंटाळा आला असेल. तिला वर पाठव, मी होते पुढे."

"आणि तू तिला सोडून आलास?"

"यार, ती थांबलीच नाही. मी वळेपर्यंत जिन्यावर होती."

स्थानिक सिमकार्ड आम्ही पैसे वाचवायला एकच घेतलं होतं, ते नवऱ्याच्या फोनमध्ये. सासूबाईंना मराठी आणि हिंदीपलीकडे बोलता येत नाही. वर वारा असणार, पाय घसरला तर, चक्कर आली तर. आणि वर पाठवण्याचा हट्ट कोणी केला होता? मीच. मी नवऱ्याच्या मांडीवर बॅग ठेवली आणि निघाले.

तो चढ मी कसा चढले ते मला धड आठवत नाही. विटांच्या पायऱ्या, दोन शिळा एकमेकींवर टेकून झालेली कमान, मग कातळाला धरून जाणारी अरुंद वाट. गिलावा आरशासारखा घोटलेली इथली प्रसिद्ध भिंत हाताशी होती, पण तिच्याकडे बघायला मी थांबले नाही. वरच्या कपारीतली, गोल जिन्याने चढून बघायची भित्तिचित्रं तर सोडूनच दिली. समोरून उतरणाऱ्या प्रत्येकाला मी हिंदीत आणि खुणांनी विचारत होते, साडी, पांढरे केस, कॅनव्हासचे बूट. पंजांपाशी उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्याने हसून बोट वर केलं. लोखंडी जिन्यावर पाय ठेवला आणि मीही दोन्ही हातांनी कठडा धरला. नवऱ्याला मनातल्या मनात हसले होते, ते परत घेतलं.

शेवटची पायरी चढले आणि वाऱ्याने ओढणी तोंडावर आली. ती बाजूला केली तर समोर एक अख्खा गाव असावा तसा विस्तार. टप्प्याटप्प्याने उतरत जाणारे विटांचे चौथरे, एक मोठा दगडात खोदलेला तलाव, त्यात हिरवं स्थिर पाणी. आणि चारी बाजूंना, नजर जाईल तिथवर, रान. दूर निळे डोंगर, मध्ये चकाकणारी तळी.

सासूबाई तलावाच्या काठी उभ्या होत्या. बसलेल्या नव्हत्या. हात कमरेवर, पदर वाऱ्यात फडफडतोय, तोंड लाल झालेलं. माझा जीव भांड्यात पडला. मी धावतच गेले. "आई, अहो घाबरवलंत की. एकट्या कशा आलात?"

"एकटी कुठली? शाळेच्या मुली होत्या ना. एकीने शेवटपर्यंत हात धरला." मग त्यांनी माझा हात धरला. "तू दमलीस. पण चल, तुला दाखवते."

आणि त्यांनी मला तो सगळा माथा फिरवून दाखवला. त्या आधीच एक फेरी मारून आल्या होत्या. इथे राजाचा वाडा असेल. हे त्याचं बसायचं आसन. इथून पावसाचं पाणी पाटाने तलावात येतं, बघ उतार कसा दिलाय. साताऱ्याच्या माहेरी पागोळ्यांचं पाणी हौदात असंच आणायचे, त्या म्हणाल्या. बापाला मारून राज्य घेतलेला राजा भावाच्या भीतीने इथे येऊन राहिला आणि शेवटी खाली उतरून लढायला गेला तो हरला, ही गोष्ट नवऱ्याने त्यांना बसमध्ये सांगितली होती. "उतरला तिथेच चुकला," त्या म्हणाल्या. "अशा जागेवरून कोणी उतरतं?" मी पोट धरून हसले. माझी सासू इतकी मजेशीर आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं. ज्या बाईला आम्ही पायथ्याशी बसवून ठेवलं, तिच्याइतकं बारकाईने आमच्यातल्या कोणीच कधी काही पाहिलं नव्हतं.

फिरून झाल्यावर आम्ही काठावरच्या विटांवर टेकलो. खाली ती सरळ वाट दिसत होती, आम्ही आलो ती, रेघ मारल्यासारखी. तिच्या टोकाशी झाडं. त्यातल्या एका झाडाखाली नवरा आणि आमचा कुकर.

सासूबाई त्या रेघेकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ग्वाल्हेरलाही असंच असेल ना गं?"

मी ग्वाल्हेर पाहिलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत, त्यांच्यापाशी पर्स ठेवून. "असं नाही," मी म्हटलं. "पण आहे. खूप आहे."

"आणि चितोडला?"

"तिथेही."

त्यांचे डोळे भरले. "मला सगळे सांगायचे, काही नाही वर. प्रत्येक वेळी. मी खरं मानायचे गं." त्या रागावलेल्या होत्या. त्यांना रागावलेलं मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. "ह्यांनीसुद्धा तेच सांगितलं. काही नाही वर, म्हणे."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. थोड्या वेळाने मी म्हटलं, "निघूया? तो वाट बघत असेल."

"बघू दे जरा," त्या म्हणाल्या. आणि आम्ही आणखी एक फेरी मारली.

उतरताना त्या माझ्या पुढे होत्या. भिंतीपाशी थांबल्या, चित्रांच्या गोल जिन्यावर मला ओढून घेऊन गेल्या, काही म्हणजे काही सोडलं नाही. खाली पोचलो तेव्हा नवरा दोन सॅकच्या मध्ये, बॅग पोटाशी धरून, माकडाला काठी दाखवत बसला होता. आम्हाला बघून उठला. त्याचं तोंड अजून उतरलेलंच होतं. आईचा लाल चेहरा, उडालेले केस त्याने पाहिले, आणि पडेल आवाजात विचारलं, "काही विशेष नव्हतं ना गं वर?"

सासूबाईंनी त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"खूप होतं रे," त्या म्हणाल्या. "तू यायला हवं होतंस."